वरच्या बाजूची टाकी

कुन्झेसनं सत्तेचाळीस वर्षं पाणी गरम केलं होतं. वापरलं मात्र कधी नव्हतं. मोठ्या घरात पाण्याचं भगुणं चुलीवर चढायचं ते तिच्याच हातानं आणि उतरायचं तेही तिच्याच हातानं. मधल्या वेळात त्यावर बाकी सगळ्यांचा हक्क. पूजेला लामा आलेले असले तर आधी लामा, मग सासरे, मग नवरा, दीर, मुलं. त्यानंतर वासरांचं आंबोण. वासरं झाली की तळाशी जे दोन-चार तांबे कोमट उरायचं ते कुन्झेसचं, आणि त्यातही आधी भांडी घासायची असायची. म्हणजे रांगेत वासरंसुद्धा तिच्या पुढं होती. आपल्यावर कुणी अन्याय करतंय असं तिला कधी वाटलं नाही. फक्त हिवाळ्यात बोटांना चिरा पडायच्या, त्यांत जर्दाळूचं तेल भरताना ती वासरांच्या नावानं दोन शिव्या हासडायची.

यंदा उन्हाळ्यात थोरल्या मुलाला, मोतुपला, दुसरं मूल झालं आणि रीतीप्रमाणं म्हाताऱ्यांनी मोठं घर त्याच्या हवाली केलं. जर्दाळूच्या झाडांपलीकडं एक छोटं घर होतं. सासू-सासरे शेवटी तिथंच राहून गेले, त्यांच्या आधी त्यांचे सासू-सासरे. एक लांबट खोली, मागं कोठी, खाली गोठा. एक जनावर, दोन गालिचे, सहा वाट्या आणि चहा घुसळायची लाकडी नळी घेऊन दोघं तिकडं गेली. मेमेंनी आपला गालिचा स्वतःच्या खांद्यावर नेला. मेमे म्हणजे तिचा नवरा तुंडुप. नातू झाल्यापासून सारा गाव त्याला मेमे म्हणजे आजोबा म्हणायचा आणि तिला अबी. सवयीनं ती दोघंही एकमेकांना तसंच हाकारू लागली होती.

खोलीत पाऊल टाकल्यावर मेमेंनी पहिलं काम केलं ते वरची जागा ठरवण्याचं. खोलीच्या एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला देवाचा कोनाडा, मधोमध चुलीची जागा आणि वर छताला धुराड्याचं भोक. चुलीपासून कोनाड्यापर्यंत एकच गालिचा मावेल एवढी जागा होती. ती वरची. चुलीपासून दारापर्यंत उरलेली सगळी खालची. मेमेंनी वर गालिचा अंथरला, मांडी घातली आणि समोर पाहिलं. समोर कुणी नव्हतं. मोठ्या घरात त्या जागेवरून चौदा माणसं दिसायची. इथं दाराशी फक्त अबी, तीही फडकं मारत होती.

"बस ना गं," ते म्हणाले.

"कुठं?"

"खाली. तुझ्या जागेवर."

"एवढ्या खोलीत मला जागा कशाला शोधायची? हात लांब केला की मी सगळीकडं आहेच," अबी म्हणाली आणि बसली ती खालीच.

सासऱ्यांची मातीची चूल खचून गेली होती. पानगळ सुरू झाली तसा मोतुप म्हणाला, "चला लेहला, लोखंडी चूल घेऊ. घाट बंद झाला की खालून पत्रा यायचा थांबतो." अबीनं वेणीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधला, चांगला झगा घातला आणि पिकअपच्या मागं जाऊन बसली. वाटभर तिच्या मनात एकच गोष्ट. गेल्या वर्षी भाचीकडं तिनं एक चूल पाहिली होती. चुलीच्या एका अंगाला तांब्याची टाकी, टाकीला नळ. वर भाकरी भाजली जातेय, बाजूला आपोआप पाणी तापतंय. भाचीनं नळ सोडला, वाफाळत्या पाण्यात हात धुतले आणि बोलता बोलता तसाच सोडून ठेवला. नुसता सोडून ठेवला! अबीला त्या दिवशी भाचीचं एकही वाक्य ऐकू आलं नव्हतं.

पण मेमेंना एखादी गोष्ट हवी म्हणून सांगितली की ती मिळत नाही, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत उस्ताद बाकिरचं पत्र्याचं दुकान. गुडघ्यात हातोडी धरून तो एक नळकांडं ठोकत होता. त्यानं तीन चुली दाखवल्या. एक साधी, दोन तोंडांची. दुसरी पितळी पट्ट्यांची, पाहुण्यांच्या खोलीत शोभेला ठेवावी तशी. आणि तिसरी म्हणजे टाकीवाल्या चुलीचा नुसता सांगाडा. ही सांगितल्याशिवाय करत नाही, म्हणाला.

"साधी द्या," मेमे म्हणाले. "चुलीला पोट कशाला? पाणी तापवायला भगुणं आहे."

मोतुपनं आईकडं पाहिलं. आई छताकडं पाहत होती.

"उस्ताद," ती सहज विचारावं तसं म्हणाली, "आमच्या गावचे गोबा आले होते म्हणे तुमच्याकडं. टाकीची चूल बघायला."

गोबा म्हणजे गावचा मुखिया नोरफेल. त्याचं आणि मेमेंचं जव पेरायच्या तारखेपासून जत्रेत पुढं कुणी चालायचं इथपर्यंत कशावरच एकमत नव्हतं.

उस्तादानं हातोडी खाली ठेवली. धंद्यात मुरलेला माणूस तो. "आले होते. हात फिरवून गेले. म्हणाले, ही मोठ्या माणसांची चूल आहे, बघू पुढच्या वर्षी."

मेमेंनी सांगाड्याला एक फेरी मारली. वाकून आत पाहिलं. मग बोटानं पत्रा वाजवला. पत्रा वाजवला म्हणजे घ्यायचं ठरलं, हे अबीला कळलं.

"टाकी कुठल्या बाजूला लावू?" उस्ताद विचारत होता. "दाराच्या अंगाला लावतो. सगळे तिकडंच लावून घेतात. बायकांच्या हाताशी नळ राहतो."

"म्हणजे खालच्या अंगाला?"

"हो, मेमे-ले," उस्ताद आदराचा 'ले' जोडून म्हणाला.

"आणि वरच्या अंगाला काय?"

"वरच्या अंगाला पत्रा."

मेमे सरळ उभे राहिले. "म्हणजे लखलखती तांब्याची टाकी दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलांपाशी. आणि मी, घरातला थोरला माणूस, वर बसून काळा पत्रा बघू? साधी द्या. मोतुप, साधी उचल."

अबीच्या डोळ्यांपुढं भाचीचा वाहता नळ एकदम आटला. आता विचार करायला वेळ नव्हता आणि तिनं तो केलाही नाही.

"बरोबर बोलतात मेमे," ती म्हणाली. "घरातली मानाची वस्तू वरच हवी. उस्ताद, टाकी वरच्या बाजूला लावा."

हातोडी उचलता उचलता उस्ताद थांबला. त्यानं मेमेंकडं पाहिलं, मग अबीकडं. "अबी-ले, टाकी वर तर नळही वर. जरा विचार करा."

"केला."

"नाही, म्हणजे, पाणी ऊब पिऊन टाकतं हो. टाकीच्या अंगाला…"

"आमच्या बायकोनं विचार केलाय," मेमे म्हणाले. आजवर असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. उस्तादानं मापाची पट्टी काढली.

पंधरा दिवसांनी चूल आली. बसवली. धुराडं छतातून बाहेर काढलं, भोकाभोवती माती थापली. चुलीच्या तोंडांना अबीनं लोण्याचा ठिपका लावला, धूप घातला. टाकी खरंच लखलखत होती. मेमे तिच्या शेजारी बसले तर तांब्यात त्यांचा चेहरा दिसायचा. जरा रुंद दिसायचा, पण भारदस्त. अबीनं वाळलेलं वाळुंज आणि चार गोवऱ्या आत सारल्या, टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि काडी ओढली.

अर्ध्या तासात खालच्या अंगाचा पत्रा तापून कडाडू लागला. अबीनं डोक्यावरची टोपी काढली. मग खांद्यावर पांघरलेलं बकरीचं कातडं काढलं. मग ती दाराकडं एक हात सरकली.

"कशी आहे ऊब?" तिनं विचारलं.

"छान आहे," मेमे म्हणाले आणि टोपी कानांवर ओढून घेतली.

सगळा जाळ टाकी पीत होती. दोन बादल्या बर्फासारखं पाणी मेमेंच्या कुशीला टेकून बसलं होतं. दोन तासांनी ते जरा कोमट झालं, तेव्हा मेमेंची डावी बाजू सैलावली. पाणी तापल्याचं पाहून अबी उठली. आणखी एक बादली भरून आणली, खालच्या अंगानंच वाकून झाकण काढलं आणि ती टाकीत ओतली. मेमेंच्या बरगडीतून कळ गेली.

"आता पुन्हा कशाला?"

"टाकी भरलेली हवी म्हणाला ना उस्ताद. रिकामी तापली तर टाके सुटतात."

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय.

नळ वर होता. चुलीच्या आणि भिंतीच्या मधे, मेमेंच्या गुडघ्याला लागून. तिथं जायचं तर मेमेंच्या मांडीवरून पाय टाकावा लागणार. ते तर सात जन्मांत होणं नव्हतं. नाहीतर मेमेंनी उठायचं. वरच्या जागेवरचा माणूस खालच्यासाठी उठलेला तिनं आजवर पाहिला नव्हता. तिसरा रस्ता म्हणजे मागायचं: 'मेमे, जरा पाणी देता?' दर वाटीला, दर भगुण्याला, दिवसातून वीस वेळा.

सत्तेचाळीस वर्षं उरलेलं घेतलं, पण मागून घेतलं नव्हतं. आता छोट्या घरात येऊन मागायचं होय? अबीनं भांड्यांची पाटी उचलली, बाहेर पाटावर गेली आणि बर्फाचा पापुद्रा फोडून गार पाण्यात भांडी घासली. परत आली तेव्हा टाकीतून सूं सूं आवाज येत होता. मेमे तिच्या लाल बोटांकडं पाहत होते. तिनं बोटं झग्यात दडवली.

"नळाचं पाणी का नाही घेतलंस?"

"भांडी थोडीच होती," अबी म्हणाली.

मेमेंनीही 'देतो' म्हटलं नाही. वाढणं हे वरच्या जागेचं काम नव्हे. तीन दिवस असेच गेले. टाकीतलं पाणी तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. मेमे एका कुशीवर कुडकुडत, अबी दाराशी घामाघूम, आणि मधे तीन बादल्या पाणी कुणाच्याच उपयोगाचं नाही.

चौथ्या दिवशी नव्या चुलीच्या मुहूर्ताला पाहुणे आले. गोबा नोरफेल, पलीकडच्या घरची पुतित काकू आणि गुंफेतले लामा इशे. एरवी इकडं पाहुण्यांना बसवणं हेच अर्ध्या घटकेचं काम. जो तो खाली बसतो, यजमान त्याला वर ओढतो, तो 'छे छे, मी कुठला' म्हणतो, यजमान दंडाला धरतो, तो जमिनीला चिकटतो. चहा निवतो तरी रांग लागत नाही. त्यात निम्मं नाटक असतं. शेवटी प्रत्येकाला कुठं जायचंय ते ठाऊक असतं.

त्या दिवशी मात्र नाटक नव्हतं.

लामा इशे आधी आत आले. त्यांची जागा सगळ्यांच्या वर, मेमेंच्याही. मेमे गालिच्यावरून अर्धवट उठून म्हणाले, "या लामा-ले, वर या."

लामांनी वर जाऊन टाकीला पाठ लावली. अबीनं त्यांच्या येण्याआधी नुकतीच एक बादली ओतली होती. लामा दोन श्वास बसले, तिसऱ्याला उठले.

"मी आज लामा म्हणून नाही आलो," ते म्हणाले. "साधा शेजारी म्हणून आलोय. शेजाऱ्यानं दाराशी बसावं." आणि तापल्या पत्र्याशी येऊन त्यांनी तळवे पसरले.

"मग गोबा, तुम्ही या," मेमे म्हणाले. नाइलाजानं म्हणाले, पण म्हणाले.

"मी?" गोबानं छातीवर हात ठेवला. "लामा खाली बसलेत आणि मी वर बसू? पाप लागेल मला." तो लामांना खेटून बसला.

"पुतित, तू तरी."

"अगं बाई! मी कशी पुरुषमाणसांच्या वर बसू?" पुतित काकू जवळजवळ गोबाच्या मांडीवर बसली. "आम्ही गरीब माणसं, आम्हाला खालचीच जागा सोसते."

आजवर गावात नम्रपणाचा असा पूर आला नव्हता. दारापासून चुलीपर्यंत माणसं दाटीवाटीनं बसली. अबीला तर उंबऱ्यावर बसायला लागलं. आणि वर, तांब्याच्या टाकीशेजारी, टोपी कानांवर ओढून एकटे मेमे.

चहा झाला. सातू झाले. वाट्या विसळायची वेळ आली तेव्हा गोबानं आपली वाटी पुढं केली. सरळ अबीकडं नव्हे, वर.

"मेमे-ले, नळ तुमच्या हाताशी आहे. जरा सोडता?"

मेमेंनी वाटीकडं पाहिलं, मग गोबाकडं. गोबाच्या चेहऱ्यावर निव्वळ आदर होता, एवढा की त्याला मारावंसं वाटावं. मेमेंनी वाटी घेतली, नळ सोडला, वाटी दिली. मग लामांची. मग पुतित काकूची. तिनं एकदा धुतली, वास घेतला, पुन्हा पुढं केली.

"मोठ्या माणसाच्या हातचं पाणी," गोबा जाताना दारात म्हणाला. "आमच्या घरी आपल्या बायकाच देतात."

त्या संध्याकाळी मेमे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोतुपला निरोप गेला. तो आला, चुलीभोवती फिरला, हसू आलं ते खोकून काढलं आणि बापाला म्हणाला,

"अबा-ले, टाकीची बाजू बदलता येत नाही. ठोकून बसवलीय. उस्तादाला फोन केला. चूल परत घेतो म्हणाला, साधी तयार आहे ती देतो. टाकीची दुसरी हवी तर पत्रा नाही. घाट उघडल्यावर."

"साधी आण," मेमे म्हणाले.

"अमा-ले?" त्यानं आईला विचारलं.

अबी पीठ मळत होती. बोटांच्या चिरांत पीठ भरलं होतं. घाट उघडल्यावर म्हणजे जूनमध्ये, आणि एकदा साधी चूल आली की जूनमध्ये कोण कशाला दुसरी घेतो? 'नको, ही राहू दे,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग 'तुला कशाला हवी? तू तर नळाला हात लावत नाहीस,' असं मेमे म्हणाले असते, आणि ते खरं होतं.

"त्यांना जसं बरं वाटेल तसं," ती म्हणाली आणि पीठ असं आपटलं की मोतुप मागं सरकला.

पिकअप दुरुस्तीला होता. आठ दिवसांनी आणतो म्हणाला.

त्या आठ दिवसांत थंडीनं कहर केला. पहिल्या रात्री गावचा हातपंप गोठला. सकाळी सून चोरोल डबा घेऊन धावत आली. पंपाच्या दांड्यावर ओतायला गरम पाणी हवं होतं, मोठ्या घरचा गॅस संपला होता. ती सवयीनं सासूशी बोलायला लागली, मग तिला नळ कुठं आहे ते दिसलं.

"अबा-ले, एक डबा पाणी देता?"

मेमेंनी तिच्याकडं पाहिलं. चोरोल चांगली मुलगी होती, पण मोठं घर सोडल्यापासून तिनं किंवा मोतुपनं त्यांना एकही गोष्ट विचारली नव्हती. पाटाचं पाणी कुठल्या शेताला आधी, वाळुंज कधी छाटायचं, काही नाही. मागच्याच आठवड्यात बांधावरचा पॉप्लर तोडला. तो पडल्याचा आवाज झाला तेव्हा मेमेंना कळलं. ते दिवसभर खिडकीतून त्या रिकाम्या जागेकडं पाहत बसले होते आणि अबीनं त्यांना तीनदा उगाचच चहा दिला होता.

"किती पाहिजे?" मेमेंनी विचारलं.

"डबाभर."

"दांड्यावर एकदम ओतू नका. तडकेल. आधी फडकं गुंडाळा, मग फडक्यावर थोडं थोडं. कोण ओतणार आहे? मोतुप? त्याला सांग, मी सांगितलंय."

"हो, अबा-ले."

पंप तडकला नाही. दुपारी चोरोल पुन्हा आली, बाळाच्या दुपट्यांसाठी. मग पुतित काकू आली, तिची शेळी व्यायला झाली होती. मेमेंनी शेळीची चौकशी केली, पहिलटकरीण आहे का विचारलं, पाणी किती गरम असावं ते कोपर बुडवून दाखवलं. तिसऱ्या दिवशी गोबाचे मुलगा-सून किटल्या घेऊन आले, पाचव्या दिवशी खुद्द गोबा. गोबाला मेमेंनी बराच वेळ बसवून ठेवलं. पाणी अजून तापायचंय म्हणाले. टाकी तर वाफेनं थरथरत होती.

"जव कधी पेरायचा यंदा, गोबा?" मेमेंनी नळावर हात ठेवून विचारलं.

गोबानं किटलीकडं पाहिलं. "तुम्ही म्हणाल तेव्हा."

अबी हे सगळं दाराशी बसून पाहत होती. जळण तिलाच फोडायला लागत होतं, टाकी तीच भरत होती, आणि भांडी अजून पाटावरच्या बर्फात घासत होती. साऱ्या गावानं त्या नळाचं पाणी नेलं होतं. शेळीनंसुद्धा. शेळी! म्हणजे पुन्हा जनावरं पुढं. तिला हसू आलं आणि त्याच दमात डोळ्यांत पाणी आलं. ते धुरानं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आठव्या दिवशी भर दुपारी मोतुप पिकअप घेऊन आला. मागं साधी चूल बांधलेली. हातात पाना.

"आधी टाकी रिकामी करावी लागेल," तो म्हणाला. "भरलेली उचलणार नाही. सोडतो सगळं पाणी बाहेर."

"बाहेर?" अबी म्हणाली.

"मग काय करायचं? तीन बादल्या आहेत."

तीन बादल्या. उकळतं पाणी. अंगणातल्या बर्फावर ओतून द्यायचं. अबी मोतुपकडं पाहत राहिली. मग तिनं कोपऱ्यातली मोठी परात ओढली, ती सरकवत नेऊन मेमेंच्या गुडघ्यासमोर ठेवली, आणि तिथंच जमिनीवर बसून वेणीचा गोंडा सोडायला लागली.

"अमा-ले, हे काय?"

"फेकणारच आहेस ना? मग मी न्हाते."

दोन्ही वेण्या तिनं सोडल्या. आश्विनापासून त्या सुटल्या नव्हत्या. पांढरे केस कमरेखाली गेले. तिनं परातीवर मान वाकवली आणि वाट पाहिली. ती काही मागणार नव्हती. कुणी नळ सोडला नाही तर तशीच वाकून बसणार होती, मोतुपनं चूल तिच्यासकट उचलली तरी.

मग नळाची चकती फिरल्याचा आवाज आला. वाटीत पाणी पडलं. मेमेंनी त्यात कोपर टेकवून पाहिलं, बादलीतलं थोडं गार मिसळलं, आणि वाटी तिच्या मानेवर ओतली.

पाणी मानेवरून कानामागं, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरून परातीत. दुसरी वाटी. तिसरी. संपत नव्हतं. परात भरली की मोतुप ती बाहेर ओतून यायचा. मेमेंची बोटं तिच्या केसांत आली, अडखळली, साबण शोधू लागली. अशी बोटं तिच्या डोक्याला कधी लागली होती हे तिला आठवेना.

"एवढ्या चिरा कधी पडल्या गं?" मेमे एकदम म्हणाले. तिचे हात परातीच्या काठावर होते.

"शेळी व्यायली तेव्हा," अबी पाण्यातून म्हणाली.

दारात डबा वाजला. गोबा नोरफेल उभा होता. आत पाहून एक पाऊल मागं गेला. "मेमे-ले, थोडं पाणी…"

"आज नाही."

"अर्धा डबा चालेल."

"नाही म्हटलं ना. कुन्झेस न्हातेय."

तिचं नाव. अबी नव्हे, मोतुपची आई नव्हे. मोतुपलाही क्षणभर कळलं नाही की हे कुणाबद्दल चाललंय. पाना हातात धरून तो चुलीपाशी वाकला. "अबा-ले, मग मी धुराडं तरी सोडवायला घेतो…"

तेवढ्यात नळानं एकदा गुरगुर केली, दोन थेंब टाकले आणि थांबला. टाकी रिकामी. अबीनं एका डोळ्यातला साबण पुसत मान वर केली. उजव्या अंगाचे केस स्वच्छ, वाफाळलेले. डावं अंग साबणानं फेसाळलेलं.

मेमेंनी त्या फेसाकडं पाहिलं, मग मुलाच्या हातातल्या पान्याकडं.

"ते ठेव खाली," ते म्हणाले. "दोन बादल्या पाणी आण. आणि जळण आण, जर्दाळूचं आण, ते लवकर पेटतं. तुझ्या आईचं अर्धं डोकं राहिलंय."